सत्यव्वाचे पेव

रेवणपुरी महाराज कृष्णाकाठच्या नांदरकोप गावी उंबराखाली येऊन राहिले, त्या वर्षी सत्यव्वाचा हिशेब असा होता: चाळीस पोती हळद, पोत्यामागे खर्च वजा जाता नऊ रुपये नफा. दसऱ्यानंतर पेव उघडले की दुसऱ्याच्या ओट्यावर बसणे संपणार, बाजारपेठेत स्वतःचे दुकान होणार. आणि पेव बुडाले तर? त्याचाही हिशेब तिच्यापाशी होता. तो मांडायला पाटीसुद्धा लागत नव्हती.

नांदरकोपात हळद जमिनीत ठेवतात. खोल, पोटाशी फुगीर खड्डा खणायचा, माणूस जेमतेम उतरेल एवढे तोंड ठेवायचे, हळद भरून वर गवत, फरशी आणि चिखलमातीचा जाड थर. यालाच पेव म्हणतात. एकदा मिटले की दसऱ्यापर्यंत आत डोकवायचे नाही.

बारा वर्षांपूर्वी, नवरा गेल्यावर, सत्यव्वा पेवांच्या तोंडाशी सांडलेली हळकुंडे खराट्याने गोळा करी. जात्यावर दळून आठवडी बाजारात पुड्या विकी. पुड्यांतून शेरभर आले, शेरातून पोते, पोत्यातून चाळीस. महाराज गावात आल्यापासून आठवड्याची पहिली पुडी मात्र त्यांच्यापुढे.

गावातले मोठे व्यापारी बसलिंगशेट तिला पाहून भर चावडीत म्हणत, "झाडणारी पेववाली झाली! सत्यव्वा, आता त्या खराट्यालाच पागोटं बांध गं!"

लोक हसत. सत्यव्वाही हसे. हसण्याला भांडवल लागत नाही.

श्रावणात नदी फुगली. पाऊस आठ दिवस थांबेना. शेटनी निरोप धाडला, "तुझ्या पेवात पाणी शिरलंय. अर्ध्या भावानं देऊन टाक."

शिरले असेल? नसेल? ओल्या मातीला कान लावून ती तासभर पडून राहिली. जमीन काही बोलेना. शेवटी ती उंबराखाली धावली.

"काय करू ओ महाराज? उघडावं तर पाऊस आत जातोय. न उघडावं तर आत काय झालंय कळंना!"

महाराज म्हणाले, "मिटलंय ते मिटलेलंच राहू दे. मी येतो."

ते उठले आणि तिच्या पेवाच्या तोंडावर जाऊन बसले. दोन दिवस बसून होते. पाणी मळ्यातून आले, चहूकडून वेढा घातला आणि महाराजांपासून दोन हातांवर थबकले. काय ही लीला!

शेट लांबूनच म्हणाले, "दोन्ही काठांना एकेक बुवा बसवा रे, बांधाचा खर्च वाचेल!"

पण तिसऱ्या दिवशी पाणी त्यांच्याच पेवाकडे सरकू लागले. आत दोनशे पोती! शेटचा धीर सुटला. "उघडा! माल बाहेर काढा!"

हमालांचा म्होरक्या दऱ्याप्पा म्हणाला, "शेट, मिटल्या पेवात हवा मरती. आधी दिवसभर उघडं ठेवू, कंदील सोडून बघू. विझला तर उतरायचं न्हाई."

"दिवसभरात नदी उतरेल आत!" असे म्हणून शेट स्वतःच दोराने खाली गेले.

थोड्याच वेळात दऱ्याप्पा महाराजांकडे धावत आला. "शेट खाली पडलेत! हाक देईनात!"

महाराजांनी सत्यव्वाकडे पाहिले. "मी उठलो तर पाणी इथं येणार. पेव तुझं. उठू का?"

सत्यव्वाची बारा वर्षांची कंबरदुखी एकदम जागी झाली. पाणी दोन हातांवर उभे होते, जणू तेही उत्तराची वाट पाहत होते.

"उठा, महाराज," ती म्हणाली. "हळद काय, पुन्हा वेचीन."

महाराज गेले. दऱ्याप्पाने सोडलेला कंदील हातभर खाली जाताच विझला. महाराजांनी कंबरेला दोर बांधला आणि त्या अंधारात उतरले. वर माणसे दोर धरून उभी. बऱ्याच वेळाने दोराला हिसका बसला. आधी शेट वर आले, मग महाराज. इकडे सत्यव्वाच्या पेवावरून पाणी वाहू लागले होते. तिने वळूनही पाहिले नाही.

दसऱ्यानंतर तिने पेव उघडले, दिवसभर उघडे ठेवले, मग कंदील सोडला. ज्योत स्थिर राहिली. रात्रभर ज्यावर नदी उभी होती, त्या पेवातली हळद भरली त्या दिवसासारखीच खडखडीत वाजत होती!

बसलिंगशेटनी महाराजांचे पाय धरले. महाराज म्हणाले, "मी नुसता उठलो. 'उठा' म्हणणारी ती आहे. तिकडे वाक."

आणि भर चावडीत शेट सत्यव्वापुढे वाकले.

आता कोणी किती भरले? शेटनी आपल्या हाताने उघडलेल्या पेवात पाणी शिरून दोनशे पोत्यांचा चिखल झाला. सत्यव्वाने चाळीस पोती एका शब्दात सोडली, ती चाळीसच्या चाळीस परत आली. पण पेवातल्या मेल्या हवेचे देणे राहिले होते. त्या दिवसापासून महाराजांना धाप लागली, ती देह ठेवीपर्यंत सुटली नाही. कीर्तनात अभंगाच्या मध्येच महाराज श्वासासाठी थांबत, तेव्हा पुढच्या ओळीत बसलेले बसलिंगशेट जमिनीला डोके टेकवीत. तो श्वास कोणाच्या नावावर खर्ची पडला होता, हे त्यांना कोणी सांगायला नको होते.