वीतभर ताणा

टक्, धप्प. मागावर धोटा पलीकडे गेला की टक्, आणि फणीने दोरा ठोकला की धप्प. कोष्ट्यांच्या गल्लीतला हा आवाज मी फार लहानपणी ऐकला. तो थांबला की म्हाताऱ्या बायका ओट्यावर येत आणि विचारत, "कुणाकडं काय झालं गं?" त्याच गल्लीत ऐकलेली ही कथा.

भगवान जेतवनाच्या विहारात राहत होते तेव्हा श्रावस्तीचा व्यापार बसला होता. तिस्स नावाचा एक कोष्टी त्यांच्याकडे आला. त्याचा धाकटा भाऊ पोटासाठी चंपानगरीला गेला होता आणि त्याचा काही निरोप नव्हता. तिस्स म्हणाला, "भंते, भावाचा माग घरात अडगळ होऊन पडलाय. सुतार लाकडाला चांगला भाव देतोय. मोडून टाकू का?"

मग भगवानांनी पूर्वजन्मीची गोष्ट सांगितली.

पूर्वी तेरणेच्या काठी तगर नगरात एक धार्मिक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व कोष्ट्याच्या कुळात जन्मला होता. वयात आल्यावर तो कोष्ट्यांच्या श्रेणीचा, म्हणजे संघाचा, मुख्य झाला. सगळे त्याला दादा म्हणत. त्याचा धाकटा भाऊ सोणक त्याच्या शेजारच्या मागावर बसे.

तगरचे तलम वस्त्र भरुकच्छच्या बंदरातून समुद्रापार जाई. एके वर्षी जहाजे आली नाहीत. पुढच्या वर्षीही आली नाहीत. कापडाच्या घड्या घरात पडून राहिल्या. बंदर ओस पडले, त्याच व्यापारावर जगणारे डोंगरातले खाणीचे गाव उठून गेले, आणि तगरात माग एकेक करून गप्प झाले.

कोष्ट्यांची एक रीत होती. विणून झालेले कापड कापताना मागावर वीतभर ताणा, म्हणजे उभे दोरे, तसाच ठेवायचा. पुढच्या कापडाचे दोरे त्या जुन्या टोकांना एकेक करून बांधायचे. याला सांधणी म्हणत. माग कधी उघडा करायचा नाही. विणणारा मेला, तरच त्याचा ताणा पुरता कापायचा.

सोणक गाव सोडून निघाला तेव्हा त्याने विळा घेतला आणि आपल्या मागापाशी गेला. बोधिसत्त्वाने त्याचे मनगट धरले.

"कापू नकोस. जित्या माणसाचा ताणा कापत नाहीत."

"इथं जगतंय कोण, दादा? मी मेलो असं समजा."

"समजणार नाही," बोधिसत्त्व म्हणाला.

सोणकने विळा खाली टाकला आणि तो गेला.

पुढे एक लाकडाचा व्यापारी आला. गल्लीतले सगळे माग मिळवून दिले तर बोधिसत्त्वाला सोन्याची थैली देईन, असे तो म्हणाला. बोधिसत्त्वाने त्याला पाणी दिले आणि वाटेला लावले. मग त्याने श्रेणी बोलावली. आता शेतकऱ्यांसाठी घोंगडी आणि जाड पटके विणू, ते ज्वारी देतील, असे त्याने सांगितले.

शेजारचा कण्ह चिडला. "राण्यांची वस्त्रं विणणारे हात हे! आता नांगरवाल्यांचे पटके विणायचे?"

"काल रात्री जेवलास ते कुणी पिकवलेलं?" बोधिसत्त्वाने विचारले.

कण्ह हसला आणि सूत मागायला पुढे सरकला.

असे ते नगर तगले. रोज पहाटे बोधिसत्त्व सोणकच्या मागावरची धूळ पुसे, आणि दोरे चिकटू नयेत म्हणून फणी एकदा मारी. धप्प. कण्ह भिंतीपलीकडून ओरडे, "दादा, आला का हो सोणक?" बोधिसत्त्व म्हणे, "येईल."

वर्षे गेली. एक तांडेवाला सांगत आला की बंदरात जहाजे लागली, आणि भरुकच्छ एका पावसाळ्यात पहिल्यासारखे झाले. खाणीचे गाव मात्र ओस पडले ते पडलेच. बोधिसत्त्वाने एवढेच विचारले, "सोणक दिसला?"

"दिसला की. बंदरावर गाठोडी वाहतो. बरा आहे. त्याच्या पोरांनी माग पाहिलेला नाही."

तगर हळूहळू उठले. ज्या गावांनी माग विकले होते तिथे सुतार शोधण्यापासून सुरुवात झाली. तगरात जुना ताणा होता. लोक सांधणीला बसले आणि एकेका घरातून आवाज येऊ लागला. कामे इतकी आली की श्रेणीतले लोक म्हणाले, "दादा, सोणकचा माग कुणाला तरी द्या." बोधिसत्त्व म्हणाला, "दुसरा माग करून घ्या. त्याची मजुरी मी देईन. त्याचा ताणा त्याच्यासाठी आहे."

सोणक आला तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते. गल्लीच्या तोंडाशी तो उभा राहिला. टक्, धप्प. हा आवाज बंदरावर त्याने फक्त स्वप्नात ऐकला होता. तो घरात शिरला. दोन माग शेजारी शेजारी होते. दादाचा माग उघडा होता. एकही दोरा त्यावर नव्हता.

सोणक खाली बसला.

त्याच्या स्वतःच्या मागावर वीतभर ताणा तसाच होता. धुळीचा कण नव्हता. मागून कण्ह काठी टेकीत आला. "दादा चैत्रात गेले. जाताना मला बजावून गेले. आज सकाळी फणी मीच मारली रे."

सोणकने जुन्या दोऱ्याचे टोक हातात घेतले. गाठोडी वाहून बोटे जाड झाली होती. पहिली गाठ सुटली. त्याने पुन्हा बांधली.

एवढी गोष्ट सांगून भगवान म्हणाले, "तिस्सा, तेव्हाचा कण्ह म्हणजे आताचा माझा शिष्य आनंद. थोरला भाऊ मी होतो. ज्याची वाट पाहिली, तो सोणक तू होतास. ही बोधिसत्त्वाची क्षांती पारमी, धीराची पूर्णता."

तिस्सने आपल्या बोटांकडे पाहिले. सुतार विहाराच्या दाराशी त्याची वाट पाहत उभा होता. तिस्स उठला, त्याने वंदन केले, आणि सुताराच्या शेजारून न थांबता तो घराच्या वाटेने निघून गेला.