आनशीच्या डबक्यातले मासे

फार वर्षं झाली. तेव्हा आमच्या वाडीसमोरच्या खडपाला नाव नव्हतं. ओहोटी लागली की पाण्यातून काळा दगड वर यायचा आणि बायका कोयत्या घेऊन दगडाला चिकटलेल्या शिंपल्यांतली कालवं फोडायला जायच्या. त्यांत आनशी नावाची एक विधवा होती. डोक्याला कायम पांढरं फडकं.

खडपाच्या मधोमध एक डबकं आहे. त्यात बोटाएवढे मासे राहतात, दगडाच्याच रंगाचे, तळाला पोट टेकून बसलेले. ना कालवणाच्या कामाचे, ना तळायच्या. तरी आनशी फोडलेलं पहिलं कालव त्यांना द्यायची. बायका चेष्टेने विचारायच्या, "आनशे, सासरे जेवले काय गो?" तीही हसायची, आणि द्यायचीच. असं म्हणतात, की भरती आधी त्या माशांना कळायची आणि ते मासे आनशीला कळायचे.

खडपावर माणसं मोजायची नाहीत, अशी तेव्हा रीत होती. आपण मोजलं की समुद्रही मोजतो आणि एक ठेवून घेतो, ही भीती.

एका माघी अमावास्येला पाणी कधी नव्हे तेवढं ओसरलं. बायका लांब टोकापर्यंत गेल्या. सगळ्यांत पुढे आनशीची सून जना, पाच महिन्यांची पोटुशी. आनशी कालव घेऊन डबक्याशी आली, तर डबकं रिकामं. सगळे मासे कोरड्या दगडावर चढून किनाऱ्याकडे तोंड करून बसलेले.

"मासे वर चढले. कोयत्या टाका नि चला गो," ती ओरडली.

समुद्र तर अजून लांब दिसत होता. हाताशी आलेलं कालव कोण सोडतं? आणखी दोन फोडू म्हणता म्हणता खडप आणि किनारा यांच्यामधली खळगी भरली. परतायची वाट बुडाली.

असं म्हणतात, की तेव्हा ते मासे सरसर पाण्यात उतरले आणि तळाशी एकामागे एक ओळीने बसले. त्यांचे डोळे पणतीसारखे उजळले. मासा होता तिथे पक्का दगड होता, वीतभर बाजूला खोल पाणी. त्या ओळीवर पाय टाकत बायका छातीभर पाण्यातून किनाऱ्याला लागल्या.

कुणीतरी म्हणालं, "सगळ्यो इल्यो." मोजलं कुणीच नाही. आनशीने मात्र रीत मोडली. एकेकीकडे बोट करून तिने मोठ्याने मोजलं. एक कमी.

"माझी जना खंय?"

आणि ती मागे फिरली. अडवायचं धाडस कुणाला झालं नाही.

बऱ्याच वेळाने जना त्याच ओळीवरून एकटी आली. सांगू लागली, सासूने पहिल्या माशावर माझा पाय ठेवला आणि म्हणाली, "मागे बघू नको." जनाचे पाय वाळूला लागले तसे पाण्यातले दिवे विझले. आनशी आली नाही. तिचं काही सापडलंही नाही.

पुढच्या ओहोटीला डबक्यातल्या प्रत्येक माशाच्या डोक्यावर पांढरा पट्टा होता, असं म्हणतात. तो आजही आहे, मी पाहिलाय.

आता त्याला आनशीचं खडप म्हणतात. पहिलं कालव डबक्यात पडल्याशिवाय दुसरं फुटत नाही, आणि ते मासे कुणी धरत नाही. परतल्यावर शेवटची बाई समुद्राकडे तोंड करून मोठ्याने सगळ्यांना मोजते. बायका सत्तावीस असल्या, तर ती अठ्ठावीस म्हणते.