नारळाआधी मोबाईल

गौतमीच्या डोहाळजेवणात तिचे चुलत सासरे डॉक्टर अच्युतराव यांनी सगळ्यांदेखत तिच्या हातातला मोबाईल काढून घेतला. "दिवसभर यात रोग शोधत बसते," ते जमलेल्या बायकांना म्हणाले. "घरात डॉक्टर बसलाय, पण सूनबाईंचा विश्वास या डबड्यावर." बायका हसल्या. काका आणखी फुलले. "विचार, काय शंका आहे ती. इथंच विचार."

फुलांचे दागिने घालून पाटावर बसलेली गौतमी शांतपणे म्हणाली, "काका, मागच्या खेपेला सातव्या महिन्यात बाळ हलायचं थांबलं आणि गेलं. यंदा तसं वाटलं, तर मी किती वेळ वाट बघायची?"

हसू विरलं. सासूबाई पुटपुटल्या, "ओटी भरताना असलं बोलू नये गं."

गौतमी काकांकडेच पाहत राहिली. काका म्हणाले, "शुभ बोलावं, बाळ. आजचा दिवस काय, तू बोलतेस काय."

गौतमीने पदर पसरला. "मग नारळाआधी माझा मोबाईल घाला ओटीत. तो घाबरवतो, कधी खोटंही सांगतो. पण माझं बाळ गेलं, हे या घरात फक्त त्याच्याशीच बोलता येतं."