रुंद तोंडाचा पाइप

"एवढा आवाज हुता, वस्ताद... मग गाडी का चढली न्हाई?"

दस्तगीर वस्ताद गॅरेजच्या मागच्या चुलीपाशी बसले होते. कोल्हापूरच्या वेशीवरच्या या गॅरेजात कितीतरी मिस्त्री घडले. विचारणारा दौलत चौगले त्यांतलाच. सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत मिजासखोर. आज मात्र मिजास उतरली होती. डोक्याचं मुंडण अजून ताजं होतं.

त्याच्या काखेत मनगटापेक्षा जाड असा लोखंडी पाइप होता. सायलेन्सर काढून त्याने तो स्वतःच्या गाडीला बसवला होता. गाडी निघाली की त्या आवाजाने गल्लीतली कुत्री शेपूट घालून पळत आणि हा हसत असे. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, पण ते त्याला सांगणार कोण?

त्याच गाडीतून त्याने आईला दवाखान्यात न्यायला काढलं. तिच्या छातीत कळ आली होती. सोबत भाऊबंद खच्चून भरलेले. घाटाच्या उभ्या चढाला गाडी नुसती बोंबलत राहिली. रेटून रेटून क्लच जळला. दुसरं वाहन मिळेपर्यंत म्हातारी त्याच्या मांडीवर गेली. असं मरण वैऱ्यालाही येऊ नये.

"क्लच जुना हुता," दौलत म्हणाला. "त्यानंच दगा दिला. पाइपाचा काय संबंध न्हाई... व्हय ना?"

वस्ताद चुलीकडे बघत होते.

"बोला की वो."

"चूल विझाय लागलीया. फुंक जरा."

"फुंकणी कुठाय?"

वस्तादांनी त्याच्या काखेकडे बोट केलं.

दौलतने पाइप चुलीला लावला आणि फुंकला. राख हलली नाही. गाल फुगवून पुन्हा फुंकला. तरी काही नाही.

मग वस्तादांनी भिंतीला टेकवलेली बारीक फुंकणी त्याच्या हातात दिली. एका फुंकरीत निखारा लाल झाला.

"वारा तुझाच. छाती बी तुझीच," वस्ताद म्हणाले.

दौलत एकदा फुंकणीकडे बघे, एकदा पाइपाकडे.

"रुंद नळीत धूर रेंगाळतोय, पोरा. बेताच्या नळीतनं तो जोरानं भाईर पळतोय, आन् जाताना मागचा धूर वढून नेतोय. मग इंजिन मोकळं हुतंय. लई बारीक केली तर गुदमरतंय. तुझा पाइप सपाट रस्त्याला, गाडी सुसाट सुटल्यावर बरा. चढाला, भरल्या गाडीला, त्यात पुलिंग न्हाई, वढायचा जोर न्हाई."

"म्हंजे आई..."

वस्तादांनी एक लाकूड आत सारलं.

"मीच मारली म्हणा की!"

खोटं बोलून धीर देणं सोपं होतं. वस्तादांना ते जमलं नाही. पोटच्या पोरासारखा वाढवलेला शिष्य, त्याच्याकडे बघवतही नव्हतं.

दौलतचं दुःख तिथंच फिरलं आणि राग झालं. माणसाचं असंच असतं. खापर फोडायला कुणाचं तरी डोकं लागतं.

"पाइप बसवला त्या दिवशी गाडी पयल्यांदा तुमच्याच दारात आणली हुती!" तो ओरडला. "रीतच हाय आपली, काम झालं की वस्तादास्नी दाखवायचं. तुमी हितंच हुता हुबं. तुमास्नी सगळं म्हाईत हुतं. मग मला सांगितलं का न्हाई?"

वस्तादांनी मान वर केली.

"सांगत हुतो, दौलत," ते म्हणाले. "तू गाडी बंद केली न्हाईस."