पट्ट्यांच्या घरातले ठिपके

कुणाच्या पणजीलाही आठवणार नाही अशा फार जुन्या काळी, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावात तीन आळ्या होत्या. वरच्या आळीतल्या भिंतींवर फक्त पट्टे काढत, मधल्या आळीत फक्त वेली, आणि खालच्या आळीत फक्त ठिपके.

मुलगी लग्न होऊन दुसऱ्या आळीत निघाली, की वाटेत ओढ्यावर थांबून हात धूत असे. माहेरची नक्षी पाण्यात सोडायची आणि सासरची शिकायची, अशी रीत होती. एका भिंतीवर दोन नक्षी आल्या की घरात दोन चुली होतात, असं थोरांचं म्हणणं. कुणी करून पाहिलं होतं का, हे विचारायची सोय नव्हती. प्रश्न विचारला की थोर मंडळी खोकत.

खालच्या आळीतली केवडा लग्न होऊन वरच्या आळीत आली. ओढ्यावर तिने हात धुतलेच नाहीत. तिची आई नुकतीच गेली होती, आणि बोटाच्या टोकाने ठिपके काढायची रीत एवढंच आईचं तिच्याजवळ उरलं होतं.

सणासाठी भिंती रंगवायची वेळ आली. केवडाने सरळ सांगितलं, की आपल्या घरात पट्टेही असतील आणि ठिपकेही. सासू घाबरली. पंच जमले, सगळे एकदम बोलले. शेवटी ठरलं, की एक भिंत रंगवू दे, सणाच्या सकाळी पंच ती पाहतील. ती बिघडली, तर केवडाने स्वतः पुसायची आणि पुन्हा कधी ठिपका काढायचा नाही.

केवडाने रागारागाने रंगवायला घेतलं. काळे पट्टे, त्यांवर तेवढेच जाड लाल ठिपके. एक कोपरा रिकामा ठेवला नाही.

सासूने भिंत पाहिली. "सूनबाई, हा तर आठवड्याचा बाजार भरलाय," ती म्हणाली. "सगळेच ओरडतायत. ऐकायचं कुणाचं?"

केवडा भिंतीपासून चार पावलं मागे सरली. म्हातारी खरं बोलत होती, आणि ते कबूल करणं भिंत पुसण्यापेक्षा जड होतं.

सणाला दोनच दिवस उरले होते. तिने भिंतीवर पांढऱ्या मातीचा हात फिरवला. या वेळी दोन्ही नक्षींना एकच गेरू घेतला. पट्टे हातभर रुंद ठेवले. ठिपके मोहरीएवढे केले आणि पट्ट्यांच्या कडेकडेने नेले. मधेमधे भिंत चक्क मोकळी सोडली, डोळ्यांना टेकायला.

सणाच्या सकाळी पंच आले ते खोड काढायलाच. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते फिरले. मग सगळ्यात म्हातारा पंच हळूच म्हणाला, "आपले पट्टे इतके उठून कधी दिसले नव्हते."

तेवढ्यात सासू पुढे झाली. तिने गेरूत बोट बुडवलं आणि मोकळ्या जागेत एक वेल काढली. इतक्या वर्षांनीही वळण चुकलं नाही. तरुणपणी तीही मधल्या आळीतून हात धुऊन आली होती.

"आत्याबाई, हे कधी बोलला नाहीत," केवडा म्हणाली.

"कुणी विचारलंच नाही गं."

त्या घरात चूल एकच राहिली. म्हाताऱ्या पंचाने घरी जाऊन आपल्या बायकोला तिची माहेरची नक्षी विचारली. तिला आठवायला फार वेळ लागला, पण आठवली. पुढच्या सणाला तिची भिंत बघायला सारं गाव लोटलं.

तात्पर्य : एकमेकींना जागा सोडली, की वेगळ्या नक्षीही एका भिंतीवर सुखाने नांदतात.