झाकणावरचा स्क्रू

"पण कासमला का, आबा? माझ्यात काय कमी आहे?"

जानू तांडेल धक्क्याच्या पायरीवर बसून चहा पीत होते. अर्धा चहा त्यांनी बशीत ओतला आणि बशी कासमकडे सरकवली.

वासुदेवने ते पाहिलं. तो रोजच पाहत असे.

उतारूंना खाडीपार नेणाऱ्या तरीचं सुकाणू आजवर तांडेलांच्या हातात होतं. आता त्यांचे डोळे साथ देत नव्हते. वासुदेव त्यांच्या हाताखाली वाढलेला. कासम अलीकडे आलेला. आणि सकाळी तांडेल सहज बोलून गेले होते, की यापुढे सुकाणू कासम धरील.

"मोटर टाकीला कोणी जोडली?" वासुदेव म्हणाला. "इतके दिवस पायाशी कॅन ठेवून चालवत होतो. कॅन लवंडायचा, उतारू शिव्या द्यायचे. आता होडीच्या पोटातल्या टाकीतून सरळ मोटरीला नळी आणलीय. मी. एकट्यानं."

"अगदी एकट्यानं," कासम म्हणाला. "मला पानासुद्धा धरू दिला नाही. माझ्या हातानं गंजतो म्हणाले वासूभाऊ."

तांडेल मोठ्यानं हसले.

वासुदेवच्या बोलण्यावर ते कधी असे हसले नव्हते.

"चल," तांडेल उठले. "मला पलीकडे सोड. मग बोलू."

वासुदेवने सगळं पुन्हा तपासलं. नळीच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा घट्ट. दाबून पेट्रोल ओढायचा मधला रबरी फुगा जागेवर, त्याच्यावरचा बाण मोटरीकडे. फक्त टाकीच्या झाकणावरचा बारीक स्क्रू सैल होता.

"याला कोणी हात लावला?"

"मी. वासूभाऊ, तो जरा सैलच..."

"माझ्या कामात बोटं घालायची नाहीत. आणि पलीकडे पोचेपर्यंत तोंड उघडायचं नाही. कळलं?"

त्यानं पकड घेऊन स्क्रू आवळला. दात आवळून आवळला.

तांडेल बघत होते.

पहिल्याच झटक्याला मोटर सुरू झाली. वासुदेव ताठ बसला. त्यानं एकदा कासमकडे पाहिलं, एकदा तांडेलांकडे.

मध्यावर मोटर खोकली... आणि बंद पडली.

वासुदेवने दोरी ओढली. पुन्हा ओढली. फुगा दाबला, तर तो चपटाच राहिला, भरेना. ओहोटी होडीला खाडीच्या तोंडाकडे नेऊ लागली. तिथे लाटा फुटत होत्या. कासमने न सांगता वल्हं उचललं आणि होडी आवरून धरली.

"पेट्रोल संपलं?" तांडेलांनी विचारलं.

"काठोकाठ आहे, आबा! सकाळीच भरलंय."

"मग टाकी देत का नाही?"

वासुदेवने पुन्हा दोरी ओढली.

"कासम, तुला ठाऊक आहे?"

"आहे, आबा. पण मला पलीकडे पोचेपर्यंत तोंड उघडायचं नाहीये."

तांडेलांना हसू आलं. या वेळी मात्र त्यांनी ते गिळलं.

लाटांचा आवाज जवळ आला. कासमच्या दंडांना पीळ पडले होते. वासुदेवने पुन्हा फुगा दाबला. बाण पाहिला, क्लिपा पाहिल्या. पाहण्यासारखं आणखी काही उरलं नव्हतं. उरला होता फक्त कासम.

"कासम..."

कासमने वल्हं मारता मारता वर पाहिलं.

"...सांग रे."

कासमचे दोन्ही हात वल्ह्यावर होते. त्यानं हनुवटीनं झाकण दाखवलं.

वासुदेवने पकड घेतली आणि स्क्रू सैल केला.

सूंऽऽ करून टाकीनं हवा आत ओढली. हवा मिळताच अडलेलं पेट्रोल सुटलं आणि त्याच्या मुठीतला चपटा फुगा हळूहळू भरत गेला. दोन झटक्यांत मोटर सुरू झाली.

होडी पलीकडच्या धक्क्याला लागली. वासुदेवने दोरखंड बांधला आणि तांडेलांना उतरवायला हात पुढे केला. तो हात धरून तांडेल उभे राहिले, पण उतरले नाहीत.

"आबा..." वासुदेवचा आवाज आता खाली आला होता. "माझ्यात काय कमी आहे?"

तांडेलांनी पायाच्या अंगठ्यानं टाकीवर टकटक केली. भरल्या टाकीचा बद्द आवाज आला.

"हिच्यात काय कमी होतं?"