मोऱ्याचा सेन्सर कुठला?

"पण चूक त्याचीच होती ना, मास्तर?"

दिगंबरनं पुन्हा तेच विचारलं.

तो आणि मोरेश्वर, दोघंही मिरजेच्या विश्राम मास्तरांच्या हाताखाली फोटोग्राफी शिकले. पुढे एकानं एका कंपनीचा कॅमेरा घेतला, दुसऱ्यानं तिच्या वैरी कंपनीचा. कुणाचा कॅमेरा भारी, यावरून आधी थट्टा, मग वाद, मग बोलणंच बंद. मोरेश्वर दवाखान्यात पडून होता, तरी हा पठ्ठ्या भेटायला गेला नाही. परवा मोरेश्वर वारला. आणि आज हा मास्तरांकडे निवाडा मागायला आला. काय म्हणावं याला!

"त्याचे रंग मेलेले यायचे," दिगंबर म्हणाला. "सेन्सरच भिकार. सांगून सांगून थकलो मी."

मास्तर पांढऱ्या फडक्यावर मोरेश्वरचाच कॅमेरा खोलून बसले होते. तो दवाखान्यात असतानाच त्याच्या बायकोनं साफ करायला दिला होता.

"तुझा दे."

दिगंबरनं दिला. मास्तरांनी तोही खोलला. फोटो टिपणारे दोन्ही सेन्सर चौकटीतून सोडवले, फडक्यावर ठेवले आणि तळव्यानं इकडचे तिकडे केले.

"मोऱ्याचा कुठला?"

दिगंबर हसला. "हा. बघा ना, कसा कळकट दिसतोय."

मास्तरांनी दोन्ही उलटे केले. पाठीवर नाव एकच, आणि तेही तिसऱ्याच कंपनीचं. नंबरसुद्धा सारखा.

"दोन्ही कंपन्या बाजारात एकमेकींच्या जिवावर उठल्यात... आणि सेन्सर एकाच कारखान्यातून घेतात."

दिगंबरनं दोन्ही उचलून नंबर पुन्हा वाचले.

"मोऱ्याला माहीत होतं?"

"दवाखान्यात मीच सांगितलं. पोट धरून हसला. म्हणाला, दिग्याला तुम्ही सांगू नका, मी सांगणार. येऊ दे त्याला..."

"मग?"

"मग काय. दाराकडे बघत पडून असायचा."

दिगंबरला रडू फुटलं. मास्तरांनी त्याला गप्प केलं नाही.

...

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे पुसले.

"वहिनींना त्याचा कॅमेरा जोडून द्यायला हवा. यातला त्याचा कुठला, मास्तर?"

"हाताला येईल तो त्याचा."

"आणि दुसरा?"

"तोही त्याचाच समज."

"मग माझं काय राहिलं?"

मास्तर स्क्रू गोळा करत होते. वर न बघताच म्हणाले,

"भांडण घेऊन जा. आता त्यात वाटेकरी नाही."